क्वार्टरबॅकच्या पायांबद्दल

बाळा,

शुक्रवारच्या मॅचनंतर रात्री तुझा मेसेज आला, "काका, हात अजून स्ट्राँग कसा करू?" अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकायचं काम क्वार्टरबॅकचं, म्हणजे तुझं; तीन इंटरसेप्शन्स झाल्यावर, म्हणजे तीन पास समोरच्या टीमने पकडल्यावर, असा प्रश्न पडणारच. मी मैदानाच्या टोकाला, एंड झोनमागच्या कुंपणाला टेकून उभा होतो. तिसऱ्या थ्रोच्या वेळी तुझा पुढचा पाय टेकलाच नव्हता, अंगाचा सगळा भार मागच्या टाचेवर. बॉल आपल्या रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, डोक्यावरून थेट समोरच्यांच्या सेफ्टीच्या, म्हणजे सगळ्यात मागे राखण करणाऱ्याच्या, हातात गेला. हातात जोर कमी असता तर तो तिथवर पोचलाच नसता.

तुझ्या खोलीत जॉश अ‍ॅलन या व्यावसायिक क्वार्टरबॅकचं पोस्टर आहे, म्हणून त्याचंच सांगतो. त्याच्याइतका दणकट हात क्वचितच कुणाचा असेल. तरी कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या गावातून शाळा संपवून निघताना मोठ्या कॉलेजांपैकी कुणी त्याला विचारलं नाही. रीडलीच्या ज्युनिअर कॉलेजात खेळून मग तो वायोमिंग विद्यापीठात गेला. 2018 मध्ये व्यावसायिक टीम्स नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या ड्राफ्टमध्ये बफेलो बिल्स या टीमने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं, आणि त्या सीझनला त्याचे 52.8 टक्केच पास पूर्ण झाले. पुढच्या वर्षी 58.8. आणि 2020 मध्ये 69.2! हात तर तोच होता. मधल्या ऑफसीझनमध्ये जॉर्डन पामर या माजी क्वार्टरबॅककडे जाऊन तो फेकण्याचं तंत्र घोटत होता. 2020 मध्ये स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आला, आणि ब्रायन डेबॉल हे आक्रमणाची आखणी करणारे कोऑर्डिनेटर सलग तिसऱ्या वर्षी कायम राहिले, याचाही वाटा मोठा आहे. पण तुझ्या टीममध्ये कोण येणार हे तू ठरवू शकत नाहीस, म्हणून मी तुझ्याशी पायांबद्दलच बोलणार.

माझ्या आजोळी मामा ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरं हाकायचे. दंड काटकुळे, पण दगड पार बांधापलीकडे जायचा. आधी पाय रोवायचे, मग कंबर फिरायची, खांदा तिच्यामागून यायचा, हात सगळ्यात शेवटी. फुटबॉल फेकतानाही क्रम हाच आहे. पुढचा पाय फार लांब पडला की बॉल वर उडतो. तो आडवा, आतल्या बाजूला पडला की कंबर अडते आणि मग सगळं काम एकट्या खांद्याला करावं लागतं. तुझा खांदा दुखतो म्हणतोस ना, मला वाटतं त्याचं मूळ इथे आहे. तरीही दुखणं आधी डॉक्टरांना दाखव, हे मी आईलाही सांगितलंय.

डोक्याची तयारी ही दुसरी गोष्ट. पॅट्रिक माहोम्स हा क्वार्टरबॅक 2017 च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर निवडला गेला, पण त्या सीझनला तो जवळजवळ पूर्ण वेळ टीमचा अनुभवी क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ याच्या मागे बसून होता. सुरुवातीपासून खेळायला मिळाली ती एकच मॅच, शेवटची. पुढच्याच वर्षी 50 टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास! बाकावर बसलेलं ते वर्ष मला फार मोलाचं वाटतं. तूही फिल्म बघताना स्वतःचे थ्रो बघू नकोस. स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे तुझ्या हातात येण्याच्या, आधी व्हिडिओ थांबव, मागे सेफ्टी एक आहे की दोन ते मोठ्याने म्हण, मग पुढे चालव आणि स्नॅपनंतर ते कुठे सरकले ते बघ. चुकशील. वहीत लिहून ठेव.

क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी तर ड्राफ्टमध्ये 199 व्या क्रमांकावर निवडला गेला होता. सुपर बोल, म्हणजे सीझनची अंतिम मॅच, जिंकल्यानंतरही तो सॅन मॅटिओच्या कॉलेजातल्या आपल्या जुन्या कोचकडे, टॉम मार्टिनेझ यांच्याकडे, फेक तपासून घ्यायला जायचा. तुला एका शुक्रवारनंतर विचारायचा संकोच वाटला, असं आई म्हणाली. कसला संकोच, बाळा?

रविवारी सकाळी सातला शाळेच्या पार्किंगमध्ये ये. तिथल्या पांढऱ्या पट्टीवर आपण पाच पावलांचा ड्रॉप, म्हणजे फेकण्याआधी पाच पावलं मागे जाणं, घेऊ आणि मी कमरेच्या उंचीवरून फोनवर शूट करीन. पहिला अर्धा तास बॉल माझ्या गाडीतच राहील.

तुझा,
काका