वाचकांचे प्रश्न: रिक्षाच्या जागी क्यूट घ्यावी का?

प्रश्न: सीएनजी रिक्षा स्क्रॅपला आली आहे. त्याच परमिटवर बजाजची क्यूट घेता येईल का? परवडेल का? (एक रिक्षाचालक, नाशिक)

उत्तर: आधी परमिटचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 83 प्रमाणे परमिटवरची गाडी बदलायची तर नवी गाडी त्याच प्रकारची लागते. क्यूट कायद्याच्या लेखी रिक्षा नाही आणि कारही नाही, ती क्वाड्रिसायकल, म्हणजे चार चाकांची हलकी, छोटी गाडी आहे. त्यामुळे बुकिंगचे पैसे भरण्याआधी आरटीओत लेखी अर्ज द्या. तुमच्या भागात क्वाड्रिसायकलला प्रवासी परमिट मिळतं का, भाडं कोणत्या दराने घ्यायचं आणि रिक्षा स्टँडवर उभं राहता येईल का, हे विचारा. तोंडी होकारावर हप्ता डोक्यावर घेऊ नका. 2018 च्या नोव्हेंबरपासून ही गाडी खासगी म्हणूनही नोंदवता येते. तशी पांढऱ्या पाटीची सेकंडहँड गाडी स्वस्तात मिळाली, तरी तिच्यावर भाडं मारता येत नाही.

2019 मध्ये महाराष्ट्रात क्यूट आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत पेट्रोलला 2.48 लाख आणि सीएनजीला 2.78 लाख होती. कंपनीचा दावा किलोला 43 किलोमीटरचा. रोज 100 किलोमीटर धावली तर 2.3 किलो गॅस लागेल. ट्रॅफिक आणि भरलेली गाडी धरून 35 चं अॅव्हरेज पकडलं तर 2.9 किलो. खरी मेख आसनांत आहे. ड्रायव्हर सोडून तीनच माणसं, म्हणजे रिक्षाइतकीच. दारं आणि पक्कं छप्पर यांसाठी गिऱ्हाईक जास्त पैसे देत असेल, तरच हिशेब बसतो. शेअर मार्गावर आम्ही ही गाडी सुचवणार नाही. दर थांब्याला दारं उघडण्यात वेळ जातो आणि उजवं दार थेट रहदारीत उघडतं.

प्रश्न: रिक्षा चालवणाऱ्याला ही गाडी जड जाईल का? काय बिघडतं?

उत्तर: हँडलऐवजी स्टिअरिंगची सवय लवकर होते, गिअरची वेळ घेते. पाच गिअर सीक्वेन्शियल आहेत, एकेकच वर किंवा खाली पडतो. सिग्नलजवळ वेग उतरतानाच गिअर खाली आणा. नाहीतर गाडी तिसऱ्यावर उभी राहते, हिरवा लागला की तिसऱ्यावरच ओढली जाते आणि क्लच प्लेट जळते.

दुसरी चूक कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची. इंजिन 216 सीसीचं, एका सिलिंडरचं, पण वॉटर-कूल्ड आहे. एअर-कूल्ड रिक्षावाल्याला पातळी बघायची सवयच नसते. रोज सकाळी गार इंजिनावर बघा. बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसून रेडिएटर चोंदतो. इंजिन तापल्याची खूण दिसताच गाडी बाजूला घ्या. तशीच दामटली तर हेड गॅस्केट जातं. देशात ही गाडी तुरळकच विकली गेली आहे, म्हणून क्लच प्लेट आणि केबल जवळ कुठे मिळतात ते घेण्याआधीच शोधा. सीएनजी गाडी जुनी असेल तर सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीची) तारीख तपासा. ही टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते.

प्रश्न: चार चाकं म्हणजे सुरक्षित ना?

उत्तर: वळणावर, हो. रिक्षाला पुढे एकच चाक असल्याने वळता वळता ब्रेक दाबला की वजन पुढच्या कोपऱ्याकडे जातं, तिथे टेकू नसतो आणि ती कलंडते. क्यूटला तिथे चाक आहे. धडकेत मात्र तिला कार समजू नका: युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेच्या 2016 च्या धडक चाचणीत तिला एकच तारा मिळाला. कमाल वेग ताशी 70, म्हणून हायवेवर नेऊच नका. चारही ब्रेक ड्रमचे आहेत. साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर पेडल हलकं दाबून थोडं अंतर चालवा, ड्रम सुकले की पकड परत येते.