झॅबिक्समध्ये (सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक डिस्कसाठी वेगळा ट्रिगर (ठरलेला आकडा ओलांडला की अलर्ट देणारा रूल) ठेवावाच लागतो का?

नाही. क्लोन केलेले सगळे ट्रिगर उडवा, टेम्प्लेटमध्ये (अनेक होस्टना, म्हणजे सर्व्हरना, लावायचा सामाईक साचा) एकच ठेवा. "आमच्याकडे ट्रिगर क्लोन करून आकडा बदलतात" हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

जुन्या नोकरीत आमचे एक सीनिअर होते. त्यांचं एकच पालुपद, "रूलमध्ये आकडा डोळ्यांना दिसला पाहिजे." म्हणून रूटला वेगळा ट्रिगर, लॉगला वेगळा, बॅकअपला वेगळा. नवीन सर्व्हर आला की कोणीतरी घाईत भलताच क्लोन करायचं. बॅकअपची डिस्क भरलेलीच असते. ती रोज पहाटे बोंबलायची आणि नाइट शिफ्टची पोरं न वाचता ॲक्नॉलेज ("पाहिलं" अशी खूण) मारायची. एकदा त्याच ढिगात ओरॅकल डेटाबेसच्या आर्काइव्ह लॉगची (बदलांच्या नोंदींची) डिस्क भरल्याचा अलर्ट दबून गेला. डेटाबेस जागेवर थिजला आणि सकाळी ग्राहकानेच आम्हाला कळवलं. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये मी कॉन्टेक्स्ट मॅक्रोचा (रूलमध्ये आकड्याऐवजी एक नाव, त्याची किंमत डिस्कप्रमाणे वेगळी) विषय काढला, तर उत्तर मिळालं, "चालू आहे ते कशाला हलवायचं?" चालू नक्की काय होतं, देव जाणे.

करायचं इतकंच: ट्रिगरमध्ये आकड्याच्या जागी यूझर मॅक्रो, आणि त्याचा कॉन्टेक्स्ट म्हणून डिस्कव्हरीतून (झॅबिक्स होस्टवरच्या डिस्क आपोआप शोधतं ते) येणारं फाइलसिस्टिमचं नाव. साध्या, म्हणजे कॉन्टेक्स्ट नसलेल्या, मॅक्रोला ९० टक्के द्या. बॅकअपला ९७ हवेत? त्या होस्टवर तेवढ्याच कॉन्टेक्स्टचा मॅक्रो टाका, रूलला हात लावू नका. हे २०१६ च्या ३.० आवृत्तीपासून आहे आणि झॅबिक्सची स्वतःची लिनक्स टेम्प्लेटं अशीच लिहिलेली आहेत, तेव्हा "नवं फॅड" म्हणून कोणी उडवून लावू नये.

एसएमएस कोणाला जावा, हे टॅगवर सोडा. होस्टला टीमचा टॅग (लेबल), एसएमएस पाठवणाऱ्या ॲक्शनची अट त्या टॅगवर.

हो, एक राहिलंच. कॉन्टेक्स्टवाला मॅक्रो आधी होस्ट, टेम्प्लेट, ग्लोबल असा सगळीकडे शोधला जातो. कुठेच नसेल तरच साधा मॅक्रो लागतो. म्हणजे होस्टवर साधा मॅक्रो ९५ केलात, पण टेम्प्लेटमध्ये त्या डिस्कच्या नावाने ८५ असेल, तर ८५च चालणार. नावात स्पेलिंग चुकलं तर एररही येत नाही, गुपचूप ९० लागतो.

आणि आकडा डोळ्यांना दिसण्याबद्दल: होस्टच्या मॅक्रो टॅबमध्ये वारशाने आलेले मॅक्रो उघडा, कुठला आकडा कुठून आला ते सगळं एका पानावर दिसतं. तुमचा लीड अडून बसला तर सरळ स्क्रीन शेअर करा. आमच्या मीटिंगमध्ये माझी पाळी येईपर्यंत प्रोजेक्टर दुसऱ्या टीमने नेला होता.