वारा जमिनीवरून असेल त्या दिवशी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. परदेशात समुद्रकाठच्या साहस केंद्रावर उन्हाळाभर स्वयंसेवक म्हणून राहायचं, मुलांना कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) आणि पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) शिकवायचं, हे वाचून फार आनंद झाला. तयारी काय करू, असं तू विचारलंस. पोहणं, प्रथमोपचार, वल्ह्याची प्रमाणपत्रं ही यादी तुला केंद्र पाठवेलच. मी त्या यादीत नसलेलं एक काम सांगतो: समुद्राकडे बघून ‘आज नाही’ म्हणणं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे नावाचा उपसागर आहे. २२ मार्च १९९३ रोजी तिथे शाळकरी मुलांचा एक गट, त्यांचे शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाक घेऊन निघाले. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे होता. होड्यांत पाणी भरलं, गट खोल समुद्रात खेचला गेला, मदत फार उशिरा पोहोचली. चार मुलं गेली. त्या प्रशिक्षकांचा अनुभव तुटपुंजा होता, हे पुढे खटल्यात आलंच. मला त्याहून जास्त टोचते ती आधीची गोष्ट. ही फेरी ज्या साहस केंद्राची होती, तिथलं काम सोडून गेलेल्या एका प्रशिक्षिकेने आदल्या वर्षीच केंद्राला लेखी बजावलं होतं: सुरक्षेकडे नीट बघा, नाहीतर कुणाचं तरी मूल घरी का परतलं नाही हे सांगायची वेळ तुमच्यावर येईल. ते पत्र कुणी मनावर घेतलं नाही. या दुर्घटनेनंतर १९९५ साली ब्रिटनमध्ये मुलांसाठीच्या अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला.

म्हणून केंद्र निवडताना फोटो बघू नकोस, प्रश्न विचार. फेरी रद्द करायचा अधिकार कुणाला आहे? स्वयंसेवकाने रद्द केली तर ती रद्द राहते का? एका प्रशिक्षकामागे किती मुलं? पहिले काही आठवडे मी कुणाच्या हाताखाली असेन? गट किती वाजता परतायला हवा हे किनाऱ्यावर कुणी लिहून ठेवतं का, आणि परतला नाही तर तटरक्षक दलाला कळवायचं कुणी? उत्तरं लेखी माग. ‘आमच्याकडे कधीच काही झालेलं नाही’ एवढंच उत्तर आलं, तर तिथे जाऊ नकोस.

व्हिसाचंही बघ. तुला पगार नसला तरी बऱ्याच देशांत स्वयंसेवा हे कामच धरलं जातं, पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. विमा कुणाचा आणि त्यात पाण्यावरचं काम धरलंय का, हे वाचल्याशिवाय सही करू नकोस.

आता वाऱ्याबद्दल, कारण माझी चूक तिथेच झाली. समुद्राकडून येणारा वारा लाटा उठवतो, त्यामुळे त्याची भीती आपोआप वाटते. जमिनीकडून येणारा वारा फसवतो. कड्याच्या आडोशाला पाणी आरशासारखं दिसतं, लाटा दिसतात त्या दूर आत. काठावर उभ्या माणसाला वाटतं, आजच्यासारखा दिवस नाही. माझ्या दुसऱ्या हंगामात अशाच सकाळी मी आठ मुलांना घेऊन निघालो. आडोसा संपला आणि दहा मिनिटांत शेवटच्या दोन होड्या आमच्यापासून लांब गेल्या. मुलं जोर लावून वल्हवत होती आणि तरी मागे सरकत होती. सगळ्यांना होड्या एकमेकींना लावून धरायला लावल्या, शिट्टी वाजवली. केंद्राची मोटरबोट आली आणि आम्हाला ओढून घेऊन गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एक मुलगा म्हणाला, आजचा दिवस सगळ्यात भारी होता. त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

थंड समुद्र असेल तर हवेकडे बघून कपडे ठरवू नकोस. वसंतात ऊन छान पडतं, पण थंड प्रदेशांत पाणी त्याच सुमारास वर्षातलं सर्वांत गार असतं. फार थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी एक हिशेब शिकवतात: पहिलं १ मिनिट धाप आवरायला, पुढची सुमारे १० मिनिटं हात-पाय नीट चालतात तोवरची, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. वेटसूट (अंगाची ऊब टिकवणारा रबरी पोशाख) गारठा लांबवतो आणि लाइफ जॅकेट हात-पाय चालेनासे झाले तरी तरंगत ठेवतं. मुलांनाही हेच सांग, घाबरवून नव्हे, सरळ शब्दांत.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ कर. भरती सहा तास सारखी चढत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं पाणी चढतं, उधाणाच्या दिवसांत तर आणखी जोरात. कड्याखालची जी वाळू जाताना मोकळी होती, ती येताना नसते.

आणि बुडणारं मूल हाक मारेल या भरवशावर राहू नकोस. त्याचं तोंड पाण्याखाली जात-येत असतं, ओरडायला श्वासच उरत नाही. ते गप्प असतं. म्हणून डोकी मोजत राहा, सतत, बोलता बोलता. तुझी भाषा मुलांना येत नसेल तर खुणा किनाऱ्यावरच ठरवा: वल्हं उभं धरलं की माझ्याकडे या, एक शिट्टी म्हणजे थांबा. ओल्या वाळूवर तीन-चार वेळा करून घे.

गटात एखादं मूल पाण्यात उतरणारच नाही. त्याला ढकलू नकोस. होडीची दोरी त्याच्या हातात दे, गुडघाभर पाण्यात उभं राहू दे. मला अशा मुलांनी फार शिकवलं; एक मुलगी पाच दिवस नुसती दोरी धरून उभी राहिली आणि सहाव्या दिवशी न विचारता होडीत जाऊन बसली.

ज्या सकाळी तू ‘आज नाही’ म्हणशील, त्या सकाळी मुलांची तोंडं पडतील, शिक्षक घड्याळ बघतील, कदाचित दुपारी वारा पडून समुद्र शांतही होईल आणि कुणीतरी म्हणेल, उगाच थांबलो. मुलांना खडकांतल्या डबक्यांकडे घेऊन जा, खेकडे दाखव, गाठी मारायला शिकव. निर्णय मात्र बदलू नकोस.

केंद्राकडून उत्तरं आली की मला पाठव. फेरी रद्द करण्याबद्दल त्यांनी काय लिहिलंय, ते मला आधी वाचायचंय.

तुझा,
जुना प्रशिक्षक