सासूबाई माझ्या सहा वर्षांच्या मुलीला सारखं रंगावरून बोलतात. तिचा आत्मविश्वास टिकावा म्हणून तिला काय सांगू?

मुलीला काही सांगू नका. सासूबाईंना सांगा, तेही मुलीच्या देखत. खरं तर तुमच्या मिस्टरांनी सांगायला हवं, आई त्यांची आहे. पोरीला ‘तू छानच दिसतेस गं’ म्हणून समजावत बसलात, तर तिला एवढंच कळतं की आपल्यात काहीतरी कमी आहे, म्हणून आई समजूत काढतेय.

आम्ही दोघी बहिणी. धाकटी गोरी, मी सावळी. घरी कोणी आलं की आधी तिच्याकडे बघायचं, मग माझ्याकडे आणि विचारायचं, “ही कोणावर गेली?” आई म्हणायची, “सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.” त्या ‘पण’ची मला अजून चीड येते. आत्या आम्हाला फ्रॉक आणायची, तिला गुलाबी आणि मला मातकट. आठ वर्षांची असताना एकदा मी तो गुलाबी फ्रॉक अंगाला लावून आरशासमोर उभी राहिले. आत्याने तो हातातून काढून घेतला. “तुला नाही खुलत गं हा.” बाबा समोरच पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं.

आत्याचा आता राग येत नाही, तीही हेच ऐकत मोठी झाली असणार. बाबांचा येतो. मागच्या वर्षी त्यांना विचारलंच, का बोलला नाहीत? म्हणाले, “घरात उगाच वाद नको म्हणून.” म्हणजे बहीण दुखावू नये म्हणून मुलगी दुखावलेली चालली. तुमचे मिस्टरही असंच काही म्हणत असतील, तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या.

आठवीत असताना आईने मलम आणलं. मेडिकलमध्ये सहज मिळायचं. रोज रात्री ती ट्यूब तळापासून दाबत आणायची आणि बोटाने माझ्या गालांवर लावायची, फार मायेने. महिन्याभरात चेहरा उजळला, सगळे खूश. मग गाल लालबुंद झाले, उन्हात गेलं की आग व्हायची, हनुवटीवर लव आली. डॉक्टरांनी ट्यूब बघून सांगितलं, यात स्टिरॉइड आहे. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती घरोघरी सापडतात. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढलं, पण घरातली माणसं जाहिरात बघून थोडीच बोलतात?

आणि सासूबाईंना ‘कोणावर गेली’चं उत्तर हवंच असेल तर द्या. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या त्वचेत साधारण सारख्याच असतात. त्या किती आणि कसलं मेलॅनिन बनवतात, त्यावर रंग ठरतो, आणि तो वारसा आई-बाप दोघांकडून येतो. त्यांच्या घराण्यातूनही आला असेल.

सगळ्याच आज्या वाईट मनाने बोलतात असं नाही, हेही मान्य. त्यांना एकदा नीट सांगून बघा, काहीजणी ऐकतात. मिस्टर गप्पच राहिले तर तुम्ही बोला, वाद झाला तरी चालेल. आणि कोणी मुलीला गोरं करायचं मलम लावत असेल, तर ट्यूब घेऊन आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. बरेच दिवस लावलेलं असेल तर मनाने एकदम बंद करू नका, त्रास उलट वाढतो.