गवत कापून होईपर्यंत थांब

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. मनालीकडच्या पोरांनी सायकली धुऊन-पुसून आत ठेवल्या, तिकडे बर्फ पडायला लागलं, मग आता आपलाही सीझन संपला का, असं विचारलंयस. नाही गो. त्यांचा संपतो तेव्हा आपला उघडतो. आपल्याकडे सायकल भिंतीला टेकवून ठेवायला लावतो तो पाऊस. वर्षाचा ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आपला रत्नागिरी जिल्हा जेमतेम चार महिन्यांत अंगावर घेतो, आणि तो गेल्यावर वाटांचं जे काही उरतं त्यावर आपण सायकल घालायची. भातकापणी ते शिमगा, एवढंच आपलं वर्ष.

पण नवी सायकल आली म्हणून तू येत्या रविवारीच सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, निघालीस, तेव्हा हे लांबलचक पत्र. फोनवर बोललो असतो तर ‘हो काका, हो काका’ करून निम्मं सोडून दिलं असतंस.

सड्यावरचं गवत कापून झाल्याशिवाय तिकडे सायकल नेऊ नकोस. बाकीचं विसरलीस तरी एकवेळ चालेल, हे नको विसरू. आत्ता ते कमरेएवढं आहे, पिवळं पडलंय, संध्याकाळच्या उन्हात फोटो फार छान येतात. पण आपला सडा म्हणजे जांभ्याचा कातळ, आणि जांभा म्हटलं की चिरेखाण आलीच. ज्याला जिथे परवडलं तिथे त्याने खाण घातली, चिरे काढले, चांगला दगड लागेनासा झाला की उघडी टाकून पुढच्या जागेला गेला. चिऱ्याची खाण यंत्राने कापलेली असते, तिच्या कडेला उतार नसतो. सपाट जमीन चाललेली असते आणि मधेच एक-दोन पुरुष खोल सरळ भिंत, तळाला बहुतेक वेळा साचलेलं हिरवं पाणी. कुंपण क्वचितच. गवत अगदी काठापर्यंत माजलेलं. सायकल थोड्या वेगात असली तर कड दिसेपर्यंत पुढचं चाक तिच्यापलीकडे गेलेलं असतं, मग ब्रेक कितीही महागाचा असो.

खाण निदान मोठी तरी असते. कठडा नसलेल्या जुन्या विहिरी असतात. आंब्याच्या कलमांसाठी सुरुंगाने फोडलेले आणि कलम न लावताच राहून गेलेले खड्डे असतात. कातळाला भेगा असतात, त्यात पुढचं चाक बरोबर मावतं. डिसेंबर उजाडेपर्यंत गुरांसाठी गवत कापलं जातं, त्याच्या उडव्या रचल्या जातात, आणि सड्याचा खरा आकार उघडा पडतो. तोवर तू गावातल्या पाणंदी, पाखाड्या म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, आणि धरणाकडचे कच्चे रस्ते फिर. तिथेही शिकायला भरपूर आहे.

गवत निघालं तरी पहिली फेरी पायीच. सायकल हातात धरून चाल. गेल्या फेब्रुवारीत तू भाड्याच्या सायकलवरून फिरलीस ती वाट आता तिथे असेलच असं नाही. वहाळाने, म्हणजे ओढ्याने, धोंडे आणून टाकलेले असतात, साकवाची, त्यावरच्या छोट्या पुलाची, फळी गेलेली असते, कुणीतरी दगडांचा नवा गडगा घातलेला असतो. चालताना गवत कापणाऱ्या बायका भेटतील, त्यांच्याजवळ थांब. खाण कुठे, विहीर कुठे, फुरसं, तो विषारी साप, परवा कुठल्या धोंड्याखाली निघालं, ही माहिती तुझ्या फोनमधल्या नकाशात नाही, ती त्यांच्याकडे आहे. ‘एकटीच फिरतेस?’ असं विचारतील. रागावू नकोस, नीट उत्तर दे, कुठे चाललीस आणि कधी परत येणार तेही सांगून ठेव. संध्याकाळी तू दिसली नाहीस तर पहिली हाक त्याच घालतील.

फुरशाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सायकल चालू असताना त्याचा धोका फारसा नाही, सायकल थांबली की आहे. ते आखूड, मातकट, जांभ्याच्या खड्यांत बेमालूम मिसळणारं जनावर आहे आणि माणूस जवळ आला तरी पटकन हलत नाही. म्हणून न बघता गडग्यावर बसायचं नाही, धोंडा उचलायचा नाही, गवतात आडवी टाकलेली सायकल हात घालून ओढायची नाही. घोटा झाकणारे बूट घाल, तू घालतेस त्या सँडल नकोत. चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. पाय हलवायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरळ रुग्णालय गाठायचं. आपल्याकडे मिळणारं सर्पदंशावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालतं. विंचू चावला तरीही सरळ रुग्णालयच. लाल विंचवाने पूर्वी कोकणात माणसं जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सांगायचं कारण, उपचार आहे, फक्त वेळ घालवायचा नाही.

आता थंडीचं. कोकणातली थंडी म्हणजे सकाळी आठपर्यंतचा कार्यक्रम. दापोलीला ती जरा मनावर घेते, आपल्याकडे नाही. पण पहाटे दव पडतं, आणि दवाचा कातळ हा पावसाच्या कातळापेक्षा फसवा असतो. पावसात सगळंच ओलं दिसतं, माणूस जपून जातो. डिसेंबरात कातळावर पावसाळ्यातलं शेवाळ वाळून काळी खपली झालेली असते. दिसायला कोरडी ठणठणीत. तिच्यावर दव बसलं की चाक असं निसटतं की पाय टेकायलाही उसंत मिळत नाही. साडेआठ-नऊपर्यंत काळ्या कातळावर वळायचंही नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही. त्याआधीच वेग कमी करून सरळ ओलांडायचं. जिथे कातळ लालसर, खरखरीत आहे तिथे मात्र टायर छान धरतो, तिथे हवी तेवढी मजा कर.

नंतर ऊन चढलं की दुसरी तऱ्हा. जांभा झिजून त्याचे गोल खडे वाटेवर पसरलेले असतात. उतारावर त्यांच्यावर पुढचा ब्रेक कचकन दाबलास की सायकल खाली आणि तू पुढे. वेग वळणाआधी, वाट पक्की असेल तिथे कमी करायचा. खड्यांवर आलीस की ब्रेक सोडून द्यायचे, ढुंगण सीटवरून उचलून मागे न्यायचं, कोपर ढिले, नजर चाकापुढे नाही तर पाच-सहा मीटर लांब. हे वाचून येत नाही. गावाबाहेरच्या एखाद्या छोट्या उतारावर तीच तीच चढ-उतार कर, कंटाळा येईपर्यंत.

वाऱ्याकडे लक्ष दे, त्याच्याकडे कुणी बघत नाही. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले असशील. त्याचे खरे मार्क इथे मिळतात. थंडीच्या दिवसांत पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, साधारण अकरानंतर फिरतो आणि दुपारभर समुद्राकडून येतो. तू लांज्याची. सकाळी लवकर समुद्राच्या अंगाला आडिवरे-कशेळीकडे निघालीस तर वारा पाठीवर, आणि दुपार टळल्यावर परत फिरलीस तर तेव्हाही पाठीवर. उलट फिरलीस तर दोन्ही वेळा तोंडावर घेशील आणि मग सायकल जड आहे म्हणून मला फोन करशील. मधली दुपार कशेळीत कनकादित्याच्या देवळाजवळ सावलीत काढ. डिसेंबरातही आपल्याकडे दुपारी पारा तिशीच्या पुढे जातो आणि सड्यावर सावली नावाला नसते. पाणी तीन लिटर घे. जड होतं, माहीत आहे.

परतीची वेळ घड्याळाने ठरव, पायांनी नाही. नोव्हेंबरच्या शेवटाला सूर्य सहाच्या सुमाराला जातो. सड्यावर त्यानंतरही उजेड रेंगाळतो, त्याने फसायला होतं, कारण खाली पाणंदीत, दोन गडग्यांच्या मधे झाडांखाली, अर्धा तास आधीच काळोख झालेला असतो. आणि तिन्हीसांजेला गवे पाण्याला उतरतात. पाचला सड्यावरून उतरायला लागायचं, वाट कितीही गोड लागली असली तरी. दिवा सोबत असू दे, पण तो अडचणीसाठी.

सायकलचं थोडक्यात, कारण दुकानदाराने तुला नको तेवढं सांगितलंय. पावसाळ्यात चेनला लावलेलं जाड तेल आधी पूर्ण काढून टाक. तेलावर आपली लाल धूळ बसली की एसटीच्या वर्कशॉपात व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट वापरायचो ती घरच्या घरी तयार होते, आणि ती तुझी चेन, चक्र सगळं खाऊन टाकते. थंडीत हलकं, कोरडं तेल किंवा मेण. समुद्रावर जाऊन आलीस तर गोड्या पाण्याने तांब्यातांब्याने धू आणि पूस. गाड्या धुण्याच्या जोराच्या पाइपाने नको, त्याने पाणी सील ओलांडून बेअरिंगमध्ये शिरतं. सीटपोस्ट आणि पेडल वर्षातून एकदा काढून ग्रीस लाव, नाहीतर खाऱ्या हवेत ती अशी धरतात की करवत आणावी लागते. हवा तुझ्या वजनाला, ट्यूब असताना, तीस पीएसआयच्या आसपास. फार कमी ठेवलीस तर चिऱ्याच्या कडेवर रिम आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतील, फार जास्त ठेवलीस तर खड्यांवर सायकल नाचेल. ट्यूबलेस करण्याचा विचार पुढच्या वर्षी कर. ब्रेकच्या डिस्कजवळ तेलाचा स्प्रे चुकूनही मारू नकोस.

मळ्यातून जाताना बांधावर चाक घालायचं नाही. भात निघालं म्हणजे शेत मोकळं झालं असं तुला वाटेल. उरलेल्या ओलीवर तिथे कुळीथ, पावटा, वाल टाकलेला असतो, अजून वर आलेला नसतो इतकंच. पायवाट असेल तर उतरून चाल. बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडलंस तर परत लाव, त्यातून गुरं आत गेली की त्या वाटेवर पुढच्या वेळी तुलाच नाही, सायकलवाल्या कुणालाच जाऊ देणार नाहीत. आणि त्यांचं बरोबर असेल. जानेवारीत मोहोर आला की बागांत फवारण्या सुरू होतात, तिकडून जाऊच नकोस. सह्याद्रीच्या माथ्याकडे, कोयना-चांदोलीच्या बाजूला व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही.

एक गोष्ट मात्र जरा कडक शब्दांत सांगतो. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचं गोठणं इथली कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीचा हत्ती उभं राहून एका नजरेत मावत नाही. ही ठिकाणं लोकांना माहीत आहेत. पण सड्यावर अजूनही नवी शिल्पं सापडतायत, आणि ती सापडेपर्यंत तुझ्या-माझ्या पायांखालीच असतात. कातळात सरळ किंवा गोल कोरलेली रेघ दिसली की उतर, वळसा घाल, फोटो काढ आणि गावात सांग. व्हिडिओसाठी मागचं चाक लॉक करून कातळावर घसरत नेतात ना, ते मला माझ्याबरोबर फिरणाऱ्या कुणाकडूनही नको आहे. कातळातल्या खळग्यांत वीतभर माती असते तिलाही चाक लावू नकोस. आत्ता तिथे काही दिसत नाही, पण दीपकाडीचे कंद त्यात झोपलेले असतात. ते आपल्या कोकणाबाहेर कुठे उगवत नाही, आणि पहिल्या पावसाबरोबर त्याची पांढरी फुलं वर येतात.

शिमग्याच्या आसपास वणवे लागायला लागतात. धूर दिसला की त्या दिवशी नाही, वारा कुठल्याही बाजूचा असो.

येत्या रविवारी सडा नकोच. सकाळी साडेसहाला माझ्याकडे ये, धरणाच्या कच्च्या रस्त्याने जाऊ आणि तिथल्या उतारावर तुझे ब्रेक बघू. पॅड नवे आहेत, थोड्या वेगातून थांबत थांबत घासून घ्यावे लागतील, तोवर ते धरणार नाहीत. पंप तुझाच आण, माझ्याचं वॉशर गेलंय. आईला सांग की दुपारी जेवायला घरी असशील.

तुझा,
काका