पत्रे लागले, आता गाडी कुठे लावू?

गेल्या अंकात मी म्हटलं होतं की तुमच्या शेजारी सरकारी इमारतीचं काम चालू असेल आणि त्रास होत असेल तर कळवा. वाटलं होतं धूळ, आवाज, भिंतीला भेगा असं काहीतरी येईल, आलं ते जवळजवळ सगळं पार्किंगचं. मी तीसेक वर्षं गोव्यात सरकारी बांधकामांवर इंजिनियर म्हणून काढली, पाया खणण्यापासून चावी देईपर्यंत, त्यामुळे कुंपणाच्या आतली बाजू मला ठाऊक आहे आणि रिटायर झाल्यावर बाहेरचीही कळायला लागलीय. नावं कुणाचीच छापत नाही, गाव तेवढं दिलंय.

काका नमस्कार, फोंड्यात आमचं छोटं दुकान आहे. समोर सरकारी इमारतीचं काम सुरू झालंय, साइटभोवती पत्र्यांचं कुंपण मारलं त्यात समोरची सगळी पार्किंगची पट्टी गेली. उरलेल्या जागेत सकाळी आठच्या आत साइटवरच्या लोकांच्या बाइक लागतात त्या संध्याकाळी सहालाच हलतात. गिऱ्हाईक दोन फेऱ्या मारतं नि निघून जातं. काम होऊ नये असं आमचं मुळीच म्हणणं नाही, पण इमारत होईपर्यंत असंच चालणार का? कुणाला काय सांगायचं? — दुकानदार, फोंडा

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं कारण हे टाळता येतं, आणि फार खर्च न करता टाळता येतं.

आधी एक करा. आठवडाभर रोज सकाळी साडेसातला, दुपारी बाराला आणि चारला त्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढा, एकाच जागी उभं राहून. म्हणजे कुठल्या गाड्या दिवसभर हलत नाहीत ते आपोआप दिसेल. आठ ते सहा म्हणजे दहा तास, तेवढ्या वेळात त्याच एका जागेवर अर्धा अर्धा तास थांबणारी वीस गिऱ्हाइकं येऊन गेली असती. ‘आम्हाला फार त्रास होतोय’ असं लिहिलेला अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच राहतो, पण ‘या पट्टीत अमुक इतक्या दुचाक्या रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभ्या असतात, हे फोटो’ असं लिहिलं की समोरच्या इंजिनियरला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं, मी त्या खुर्चीत बसलोय म्हणून सांगतो.

मग साइटच्या गेटवरचा बोर्ड बघा. काम पीडब्ल्यूडीचं आहे, जीएसआयडीसीचं (गोवा राज्य पायाभूत सुविधा विकास महामंडळ) आहे की आणखी कुठल्या खात्याचं ते तिथे लिहिलेलं असतं. अर्ज त्या खात्याच्या इंजिनियरला करायचा, एक कॉपी नगरपालिकेला आणि एक ट्रॅफिक पोलिसांना. एकट्याने नको, रांगेतल्या सगळ्या दुकानदारांच्या सह्या घ्या.

मागायचं काय? पहिलं म्हणजे साइटच्या लोकांच्या गाड्या रस्त्यावरून हलवा. खड्डा खणलेला असतो तेव्हा आत जागा नसते हे खरं आहे, तेवढे महिने कॉन्ट्रॅक्टरने जवळपास एखादी मोकळी जागा भाड्याने घ्यावी किंवा माणसांना एका टेम्पोने आणावं. पण तळमजल्यावरचा स्लॅब ओतून झाला आणि खालचे टेकू निघाले की इमारतीखालीच सावलीत गाड्या लावता येतात. ते सुरुवातीलाच लिहून घ्या, कारण तेव्हा आठवण करून देणारं कुणी नसतं.

दुसरं, पत्र्यांची रेषा. हे बाहेरच्या लोकांना सहसा कळत नाही. पाया खणताना कडा ढासळू नये म्हणून आणि मशीन फिरायला म्हणून पत्रे बाहेर घ्यावे लागतात, पण पाया भरून जोत्यापर्यंत आलं की तेवढ्या जागेची गरज राहत नाही, दोन-अडीच मीटर पत्रे आत घेता येतात आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावायला नेमकं तेवढंच रुंद लागतं! ते आत घेतले जात नाहीत कारण कुणी मागत नाही, मग तिथे वाळू येऊन पडते, सळ्या येतात, आणि ती जागा साइटचीच होऊन जाते. तुम्ही मागा, प्रत्येक टप्प्याला मागा.

तिसरं, उरलेली पट्टी नीट आखून घ्या. समजा ६० मीटर जागा आहे. रस्त्याला समांतर गाड्या लावल्या तर एका कारला साधारण सहा मीटर धरावे लागतात, म्हणजे दहा कार. तीच अर्धी दुचाक्यांना दिली तर पाच कार आणि तीसेक स्कूटर. आपल्याकडे तिंट्यावर, म्हणजे बाजारात, येणारं निम्मं गिऱ्हाईक स्कूटरवर येतं हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता. त्यावर अर्ध्या तासाची मर्यादा आणि सकाळी नऊच्या आत माल उतरवायची वेळ असं पोलिसांचा ट्रॅफिक सेल आणि नगरपालिका मिळून ठरवू शकतात. आणि ती मर्यादा दुकानदारांनी स्वतःही पाळायला हवी, स्वतःची कार दारात दिवसभर लावून दुसऱ्याला हलव म्हणता येणार नाही.

एक आणखी, पत्र्यांचा कोपरा. वळणावर पत्रे उभे केले की पलीकडून येणारी स्कूटर दिसतच नाही. तिथे शेवटचे दोन-तीन पत्रे काढून जाळी लावायला सांगा आणि त्या कोपऱ्याजवळ कुणालाच गाडी लावू देऊ नका, गिऱ्हाइकालासुद्धा नाही.

म्हापशात शुक्रवारच्या बाजाराला आलो होतो. नेहमीच्या जागी गाडी लावली, परत येऊन बघतो तर चलान. आदल्या आठवड्यापर्यंत तिथे काही नव्हतं, आता बांधकामाच्या पत्र्यावर रंगाने नो पार्किंग लिहिलंय. असं कुणीही लिहू शकतो का? — एक वाचक, पेडणे

नाही, कुणीही नाही लिहू शकत. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात ११७ कलमाखाली गाड्या कुठे थांबवायच्या ते ठरवायचा अधिकार राज्य सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे, तोही तिथल्या नगरपालिकेशी किंवा पंचायतीशी बोलून. रस्त्यावरच्या खुणा आणि बोर्ड लावायचं ११६ मध्ये आहे. कॉन्ट्रॅक्टरने पत्र्यावर ब्रशने लिहिलं म्हणून सार्वजनिक रस्ता नो पार्किंग होत नाही.

पण लगेच भांडायला जाऊ नका. कधी कधी ऑर्डर निघालेली असते, पेपरात एका कोपऱ्यात छापूनही आलेली असते, बोर्ड तेवढा उशिरा लागतो. शिवाय बोर्ड असो नसो, फूटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर किंवा कुणाच्या गेटसमोर लावली असेल तर ती चूकच. त्यामुळे त्या जागेचे फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंनी, बोर्ड नाही हे दिसेल असे, आणि ट्रॅफिक सेलला लेखी विचारा की ही जागा कुठल्या ऑर्डरने बंद केली. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत द्यावं लागतं. ऑर्डर निघालीच नव्हती असं कळलं तर तेच उत्तर चलानविरुद्ध जोडा. ऑर्डर असेल तर दंड भरून टाका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १७७ कलमाखाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केलं तर १५०० पर्यंत जातो, म्हणजे दुसऱ्यांदा तिथे लावू नका.

आमच्या घरासमोर साइटवाल्यांच्या गाड्या लागतात म्हणून आम्ही कुंड्या आणि एक जुनी खुर्ची ठेवतो. चालेल ना? — गृहिणी, डिचोली

नाही ताई. घरासमोरचा रस्ता आपला नसतो, गेट तेवढं आपलं. गेट अडवलं तर तक्रार करा, तो तुमचा हक्क आहे. रात्री अंधारात त्या कुंडीवर एखादा पोर बाइकसकट पडला तर काय होईल याचा विचार करून आजच आत घ्या.

सर, मी साइट इंजिनियर आहे, दोन वर्षांचा अनुभव. स्लॅब ओतायच्या दिवशी गेटसमोर हमखास कुणाची तरी गाडी असते. आम्ही नोटीस लावतो, लोक वाचत नाहीत, मग सकाळी सहाला शिव्या खाव्या लागतात. काय करावं? — मडगाव

बाळा, तुझा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला. माझ्याबाबतीत एकदा असं झालं होतं. काँक्रीटचा पहिला मिक्सर ट्रक आला आणि गेटसमोर एक कार, मालक बेळगावला गेलेला. मागे आणखी दोन मिक्सर लाइनीत. तयार काँक्रीट प्लांटवर भरल्यापासून दोन तासांच्या आत ओतायचं असतं, भारतीय मानकातच आहे ते, आणि आपल्या मेच्या उन्हात तर तेवढाही वेळ मिळत नाही. आम्ही ती कार हाताने सरकवायचा प्रयत्न केला, नाही झालं, एक पूर्ण गाडी काँक्रीट परत पाठवावं लागलं. सगळे त्या कारवाल्याला बोलत होते पण चूक माझी होती, नोटीस मी गेटला लावली होती आणि तो माणूस पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहायचा, तो गेटकडे बघणारच कशाला?

त्यानंतर मी पद्धत बदलली. तीन दिवस आधी घरोघरी जायचं, मुकादमाला न पाठवता मी स्वतः जायचो. ‘शनिवारी पहाटे पाच ते दुपारी दोन, या खांबापासून त्या खांबापर्यंत’ एवढंच लिहिलेला कागद, खाली माझा मोबाइल नंबर. पुढचे काही दिवस बंद, पुढील आदेशापर्यंत बंद असलं काही लिहायचं नाही, ते लोक मानत नाहीत आणि का मानावं? नेमके तास सांगितले की माणूस गाडी हलवतो हा माझा अनुभव आहे. आणि दोनला काम संपलं की दोनलाच जागा अडवायला ठेवलेले प्लास्टिकचे कोन उचलायचे, एकदा जरी पाचपर्यंत ठेवलेस तरी पुढच्या वेळी तुझ्या कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

आदल्या संध्याकाळी कोन आणि दोरी लावून रात्री एक माणूस बसव. ट्रॅफिक पोलिसांची परवानगी आधी काढ, त्यांचा एखादा माणूस मिळाला तर फारच बरं, कारण गाडी टो करायची वेळ आली तर तो अधिकार वर्दीतल्या पोलिसाचा, तुझा नाही. बूम पंप, म्हणजे लांब हाताचा काँक्रीट पंप, असेल तर त्याचे पाय बाजूला किती पसरतात ते मोजून घे, नाहीतर गेट मोकळं असूनही पंप उभा राहत नाही. ॲम्ब्युलन्स आणि बंबाला वाट राहील एवढी रुंदी काहीही झालं तरी सोडायची, तिथे १०८ अडकली तर स्लॅबला काही अर्थ नाही.

काळ्या पाटीवर पिवळ्या नंबरची रेंटची गाडी असली तर टुरिस्टला तुझा कागद मिळालेलाच नसतो. म्हणून बोर्ड गेटवर नाही, रस्त्यावर वळायच्या आधी लाव. आयआरसीचं, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचं, एसपी ५५ हे पुस्तक वाचलंयस का? रस्त्यावरच्या कामांसाठीच आहे ते, त्यात कामाच्या जागेआधी सूचनेचा वेगळा पट्टा सांगितलाय, तीच गोष्ट पार्किंगलाही लागू पडते. आणि चतुर्थीच्या आठवड्यात स्लॅब धरू नकोस. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांचं, सामान घेऊन आलेल्या माणसाला गाडी हलव म्हणायला तुलाही बरं वाटणार नाही.

पणजीत ज्या सरकारी ऑफिसात आईला दर काही महिन्यांनी न्यावं लागतं तिथे नूतनीकरण चालू आहे. ती व्हीलचेअरवर असते. पूर्वी दारात गाडी थांबायची, आता पायलटांचा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांचा, स्टँडही तिथेच सरकवलाय. पाटोवर बहुमजली पार्किंग आहे तिथे लावा म्हणतात, पण तिथून आईला कसं आणू? — मुलगी, रायबंदर

पाटोला गाडी लावायचा सल्ला धडधाकट माणसासाठी ठीक आहे, तुमच्यासाठी नाही. तुम्हाला पार्किंग नको आहे, पाच मिनिटं थांबायची जागा हवी आहे, अर्जातही असंच लिहा, कारण पार्किंग म्हटलं की लगेच ‘जागा नाही’ असं उत्तर येतं. एका कारपुरती जागा, शक्यतो दाराच्या बाजूलाच, पिवळ्या रेषेने आखलेली, आणि तिथून दारापर्यंत व्हीलचेअर जाईल असा उतार, खडी आणि केबल नसलेला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्याचा उल्लेख करून ऑफिसच्या प्रमुखाला द्या, काम करणाऱ्या खात्यालाही द्या.

पायलटांवर राग धरू नका. पिवळ्या मडगार्डच्या त्या बाइकवर त्यांचं घर चालतं आणि त्यांनाही कुणीतरी सरकवलंय. त्यांच्याशी बोलून बघा, जागा राखायला सगळ्यात आधी तेच मदत करतील.

आमच्या गावात पंचायतीची नवी इमारत होणार आहे, काम अजून सुरू व्हायचंय. ग्रामसभेत काय विचारू? — तरुण वाचक, सांगे

बरोबर वेळी विचारलंस. प्लॅन दाखवा म्हण, आणि त्यात पार्किंग कुठे दाखवलंय ते बघ. गोव्याचे २०१० चे बांधकाम नियम आहेत, त्यात इमारतीच्या वापराप्रमाणे किती पार्किंग सोडायचं ते दिलंय. काम चालू असताना कामगारांच्या गाड्या कुठे लागणार, वाळू-खडी कुठे पडणार हेही विचार, रस्त्यावर असं उत्तर आलं तर मान्य करू नको. पावसाळ्यात ट्रकच्या चाकांना लागून लाल माती रस्त्यावर येते त्यावर स्कूटर घसरतात, म्हणून गेटच्या आत चाकं धुवायची सोय मागून घे.

आणि गावच्या जत्रेची तारीख सांग, ती कॉन्ट्रॅक्टच्या कागदात घालायला लाव. त्या दोन-तीन दिवसांत एकही ट्रक नाही आणि पत्र्याबाहेर एक खडासुद्धा नाही असं लिहून घे, सही झाल्यावर हे मागशील तर कॉन्ट्रॅक्टर जादा पैसे मागेल.