‘स्वतःची टिमकी वाजवायला जमत नाही, मॅडम’

बेचाळिशीचे गृहस्थ, राहायला बडोद्याच्या दांडिया बाजारात. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात चौदा वर्षं टेस्टिंगला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या वेबसाइटवरून ओळख होऊन मोठ्या कंपनीत गेला, यांना मात्र कुणी विचारत नाही. म्हणून तिथलं प्रोफाइल नीट करायला आमच्याकडे आले. म्हणाले, "स्वतःची टिमकी वाजवायला जमत नाही, मॅडम. आणि साहेबांनी पाहिलं तर म्हणतील, हा निघाला सोडून!"

आधी साहेबांचं बघू, कारण ते सेटिंगचं काम आहे. नोकरी, पद किंवा शिक्षण यांतला बदल नेटवर्कला आपोआप कळवणारं एक बटण सेटिंगमध्ये असतं. प्रोफाइलला हात लावण्यापूर्वी ते बंद करायचं. ‘ओपन टू वर्क’ म्हणजे ‘नोकरी शोधतोय’ अशी खूण; तिच्यात दोन पर्याय असतात : सगळ्यांना दिसणारं, म्हणजे फोटोभोवतीचं हिरवं कडं, आणि फक्त रिक्रूटरना, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्यांना, दिसणारं. दुसऱ्या पर्यायात आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायची सोय आहे, पण पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही. यांना आम्ही दोन्ही बंद ठेवायला सांगितलं. नीट भरलेल्या प्रोफाइलवरून कुणी ‘हा निघाला’ असं म्हणत नाही, हिरव्या कड्यावरून म्हणतात.

आता टिमकी. प्रोफाइल उघडलं तर फोटो कुणाच्या तरी लग्नातला, कापलेला, शेजारच्याचा खांदा अजून दिसतोय. नावाखाली ‘सीनियर इंजिनिअर’ आणि कंपनीचं नाव. त्याखाली महिनाभर रोज टाकलेले सूर्योदय आणि सुविचार. टिमकीची एवढी धास्ती घेतलेल्या माणसानं नेमकी तीच वाजवली होती, आणि त्यात कामाचा एक शब्द नव्हता.

रिक्रूटर शब्द टाकून शोधतो. ‘सीनियर इंजिनिअर’ टाकल्यावर यांच्यापर्यंत कोण पोचणार? नावाखालच्या या ओळीला, म्हणजे हेडलाइनला, २२० अक्षरांची मुभा असते, पण यादीत आणि मोबाइलवर सुरुवातीचाच तुकडा दिसतो. म्हणून काम आधी : ‘पॉवर ट्रान्सफॉर्मर टेस्टिंग, रूटीन आणि टाइप टेस्ट, आयएस २०२६, आयईसी ६००७६’. (रूटीन टेस्ट प्रत्येक नगाची, टाइप टेस्ट त्या प्रकारच्या एखाद्या नगाची; शेवटचे दोन हे भारतीय आणि आंतरराष्ट्रीय मानकांचे क्रमांक.) पद शेवटी. हे इंग्रजीतच ठेवायचं, कारण शोध इंग्रजीत होतो. स्वतःबद्दल लिहायच्या ‘अबाउट’मध्ये २,६०० अक्षरं मावतात, तरी पहिल्या दोन-तीन ओळींनंतर मजकूर झाकला जातो. तेवढ्यात किती केव्हीपर्यंतचं (किलोव्होल्ट) काम केलंय, कोणत्या चाचण्या स्वतः घेता, ग्राहकाच्या इन्स्पेक्शनला कोण उभं राहतं, हे यायला हवं. ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेअर’ काढून टाकले.

गुजरातेतल्या मराठी घरांत आणखी एक घोळ असतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पॅनकार्डावर शेवटी, बायोडेटात स्पेलिंगच वेगळं. यांच्या नावाची तीन रूपं निघाली. डिग्रीशी जुळणारं एक ठरवून तेच मेल, बायोडेटा आणि प्रोफाइलवर ठेवलं. फोटो खिडकीच्या उजेडात, साध्या भिंतीपुढे, चेहरा चौकटीच्या निम्म्याहून अधिक. झालं.

खरी अडचण लिहिण्याची. पहिला मसुदा ‘माझ्या चौदा वर्षांच्या प्रदीर्घ अनुभवातून’ असा सुरू झाला. तो वाक्यांश खोडला आणि विचारलं, टेस्टिंगला नवीन मुलं कुठे चुकतात? हे गृहस्थ ताडकन म्हणाले, "वाइंडिंग रेझिस्टन्स!" मग दहा मिनिटं थांबलेच नाहीत. वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, इंडक्टन्स असतो, करंट बदलायला तो विरोध करतो, त्यामुळे डीसी करंट स्थिर व्हायला वेळ लागतो. मुलं घाईत आधीचंच रीडिंग लिहितात. दुसरं म्हणजे ट्रान्सफॉर्मर नुकताच गरम असतो आणि तेलाचं तापमान तेच वाइंडिंगचं समजतात. सप्लाय न देता तेलात किमान ३ तास उभा ठेवल्याशिवाय असं धरता येत नाही. तांब्याच्या वाइंडिंगचा मोजलेला रेझिस्टन्स ७५ अंशांच्या हिशेबात आणताना तो (२३५ + ७५) ला (२३५ + मोजलेलं तापमान) नं भागून येणाऱ्या आकड्यानं गुणतात. तापमान ३० ऐवजी ३५ धरलं, तर उत्तरात जवळजवळ २ टक्क्यांचा फरक. तोच पुढे लोड लॉसच्या, म्हणजे भार असताना वाया जाणाऱ्या विजेच्या, हिशेबात शिरतो, आणि गॅरंटी दिलेल्या आकड्यापाशी भांडण होतं.

हीच पोस्ट. चूक काय दिसते, कशामुळे, तपासायचं कसं, एवढंच लिहायचं. त्यात ‘मी’ कुठेच येत नाही, पण लिहिणारा किती पाण्यात आहे ते जाणकाराला दोन ओळींत कळतं. महिन्याला अशा दोन पुरेत. रोज टाकायचा संकल्प तिसऱ्या आठवड्यात बारगळतो आणि मग पुन्हा सुविचार सुरू होतात. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा त्याच क्षेत्रातल्या कुणाच्या पोस्टखाली मुद्द्याची चार वाक्यं लिहावीत. ‘व्हेरी नाइस सर’ लिहू नये.

पोस्टला जोडलेल्या फोटोवर मात्र अडलो. मागे नेमप्लेट स्वच्छ वाचता येत होती : ग्राहकाचं नाव, सीरियल नंबर, इम्पीडन्स. असा फोटो गेला की साहेबांची भीती खरी ठरते, कारण गोपनीयतेची अट बहुतेक नेमणूकपत्रांत असते. नेमप्लेट, टेस्ट रिपोर्ट, ड्रॉइंग यांतलं काहीच टाकायचं नाही. हातानं काढलेली सर्किटची आकृती उत्तम.

शिफारशी, म्हणजे रेकमेंडेशन, तीन पुरेत. एक जुने साहेब, एक कंपनी सोडून गेलेला सहकारी, एक हाताखाली शिकलेला. मागताना काम नेमकं सांगावं, "अमुक ऑर्डरच्या टाइप टेस्टच्या वेळी आपण बरोबर होतो, त्याबद्दल दोन ओळी लिहाल का?" मोघम मागितलं की मोघमच येतं. आणि आपण त्याला, त्यानं आपल्याला एकाच दिवशी द्यायची नाही; तारखा दिसतात.

यांनी पहिल्या तीन पोस्टनंतर कळवलं की एका इन्स्पेक्शनवाल्यानं तापमानाबद्दल प्रश्न विचारला. सोबत ‘विदेशात नोकरी, फक्त प्रोसेसिंग फी भरा’ असा एक मेसेजही आला होता. नाव दिसू लागलं की असले येतातच. पैसे मागणारा रिक्रूटर खोटा धरायचा, कंपनीच्या वेबसाइटवरचा मेलचा पत्ता आणि आलेला पत्ता ताडून बघायचा, आणि प्रोफाइलला बायोडेटा जोडला असेल तर त्यातून घरचा पत्ता, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर आजच काढायचे.